घोरणं, स्लीप अ‍ॅप्निया आणि तोंडातली प्लेट: कुठली, कशी, किती पुढे?

चाकरमानी_मुलुंड
रविवार, दुपारी ३.२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, फार तर मिसळीच्या धाग्यांवर भांडायला येतो. पण हा विषय दोन वर्षं माझ्या डोक्यात आणि तोंडात बसलाय, म्हणून लिहितो.

वय ४८, वजन ७९ किलो, मुलुंड ते फोर्ट रोजचा प्रवास. बसायला मिळालं की भांडुप यायच्या आत मान खाली. एकदा उभ्यानेच डोळा लागला, हातातली कडी सुटली आणि मी एका काकांच्या डब्याच्या पिशवीवर आदळलो. घरी सगळ्यांचं मत, वय झालं. शेवटी बायकोने एका रात्री मोबाइल उशाशी ठेवून रेकॉर्डिंग केलं. आधी घोरणं, मग एकदम सामसूम. ती सामसूम मी सकाळी घड्याळ लावून मोजली: २४ सेकंद. मग विहिरीत बुडी मारून वर आल्यासारखा 'हाऽऽ' असा आवाज, कूस बदलणं, आणि ये रे माझ्या मागल्या.

स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या तपासणीत, एएचआय २३ आला. म्हणजे झोपेच्या दर तासाला २३ वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो, आणि प्रत्येक वेळी किमान १० सेकंद. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या वर तीव्र. डॉक्टरांनी सीपॅप दिलं, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. चार महिने प्रामाणिकपणे लावलं. मशीनची काही चूक नाही, मीच नालायक. पहाटे कधीतरी मास्क ओढून काढायचो आणि सकाळी तो पलंगाखाली सापडायचा.

मग घराजवळच्या एका डेंटिस्टनी (नाव घेत नाही) प्लेट करून दिली. वरचे-खालचे दात एकाच गुलाबी ठोकळ्यात अडकवलेले. तोंड इतकं उघडं राहायचं की ओठ मिटत नसत. लाळेने उशी भिजायची. सकाळी पोळी चावताना कानापाशी कळ. फोन केला की एकच उत्तर, "सवय होईल." घोरणं मात्र कमी झालं, बायको खूश, मीही खूश. दोन महिन्यांनी संशय आला म्हणून स्वतःहून, प्लेट घालून परत स्लीप स्टडी केली. एएचआय १९. म्हणजे एवढा छळ सोसून २३चे १९.

आता दुसरी प्लेट आहे, दुसऱ्या डॉक्टरांकडची. वर एक पातळ ट्रे, खाली एक, बाजूंना छोटे स्क्रू. तिने एएचआय ६वर आणला. दोन्हींचं नाव एकच, दोन्हींचं तत्त्व एकच: खालचा जबडा पुढे धरून ठेवायचा. मग एवढा फरक कशाने? इथे दंतवैद्यकातले लोक आहेत, प्लेट वापरणारेही असतील. लिहा.

घोरपडे_नव्हे_घोरणारे
रविवार, दुपारी ३.४१

आयडी बघून समजलंच असेल, मी या धाग्याचा जन्मसिद्ध सभासद आहे. पाट टाकून बसलोय.

पार्ल्याचा_दंतवैद्य
रविवार, संध्याकाळी ७.०५

चांगला धागा. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

झोपेत घशाभोवतीचे स्नायू सैलावतात. घशाला नाकासारखा हाडांचा आधार नाही, तो मऊ नळीसारखा आहे. जीभ मागे येते, पडजीभ आणि मऊ टाळू चिकटतात, वाट बंद. खालचा जबडा पुढे आणला की जीभ त्याच्याबरोबर पुढे येते, हे सगळ्यांना पटतं. पण एमआरआयमध्ये दिसलेली गोष्ट जास्त मजेदार आहे. टाळूमागची वाट पुढून-मागे जेवढी रुंदावते, त्यापेक्षा आडवी जास्त रुंदावते. जीभ, टाळू, गालामागचे पडदे हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. जबडा ओढला की तंबूचे दोर ताणल्यासारख्या बाजूच्या भिंती ताणल्या जातात.

म्हणून मी कुठलीही प्लेट हातात घेतली की चार गोष्टी बघतो. दातांवर पकड किती. जबडा किती पुढे. तोंड किती उघडं. आणि नंतर पुढे-मागे करायची सोय आहे का.

तुमच्या पहिल्या प्लेटमध्ये चौथी गोष्ट नव्हतीच आणि तिसरी गंडलेली होती. आत्ता वाचता वाचता एक करून बघा. हनुवटीवर बोट ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. हनुवटी खाली जाते ना? नीट बघा, मागेही जाते. जबडा कानाजवळच्या सांध्याभोवती फिरतो, त्यामुळे जितका आ वासाल तितकी हनुवटी गळ्याकडे येते. म्हणजे ठोकळ्याने एका हाताने पुढे दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

मात्र याला एक पण आहे, नाहीतर इथले अभ्यासू मला धरतील. २००२ साली सिडनीच्या लोकांनी त्याच रुग्णांना दोन प्लेटा आलटून-पालटून दिल्या, एकीत दातांमधलं अंतर ४ मिलिमीटर, दुसरीत १४. एएचआयमध्ये सरासरी फारसा फरक नाही पडला. पण कुठली घरी न्याल असं विचारल्यावर बहुतेकांनी ४वाली उचलली. आता ज्या प्लेटने तोंड दुखतं ती रात्री डबीत राहते, आणि डबीतल्या प्लेटचा गुण शून्य.

सरळमार्गी
रविवार, रात्री ८.१२

रोज सकाळी अर्धा तास प्राणायाम करा. प्लेट-बिट काही लागणार नाही. स्वानुभव.

घोरपडे_नव्हे_घोरणारे
रविवार, रात्री ८.३०

@सरळमार्गी, स्वानुभव तुमचा की शेजारी झोपणाऱ्याचा? घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, हीच तर गोची आहे. (हलके घ्या.)

अवांतर: २००६ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. स्वित्झर्लंडमध्ये २५ जणांच्या गटातल्या निम्म्यांना चार महिने डिजेरिडू, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचं ते लांबलचक फुंकवाद्य, वाजवायला शिकवलं. त्यांची दिवसाची झोप आणि एएचआय दोन्ही कमी झाले. आपल्याकडे तुतारी चालेल का? राजकारण नको, नुसता घशाचा व्यायाम.

दातकोऱ्या
रविवार, रात्री ११.५०

लालबागला आमची डेंटल लॅब आहे, मी २६ वर्षं हेच करतो. कवळ्या आणि कॅपा जास्त, झोपेच्या प्लेटा महिन्याला दोनचार. डॉक्टर लोक जे लिहीत नाहीत ते मी लिहितो.

आमच्याकडे काम येतं कसं? कागदाच्या पुडीत दोन प्लास्टरची मॉडेलं, वर रबरबँड, आणि चिठ्ठी: 'स्नोरिंग प्लेट बनाओ.' संपलं. जबडा किती पुढे घ्यायचा याचं रेकॉर्ड नाही. फोन लावला तर म्हणे, अंदाजसे कर ना यार. आता माझा अंदाज म्हणजे काय? मी मॉडेलं हातात धरतो, पुढचे दात एकावर एक टोकाला टोक येतील असं लावतो आणि बांधतो. ज्या माणसाचा जबडा मुळात १२ मिलिमीटर पुढे सरकतो त्याला ते कमी पडणार, ज्याचा ७च सरकतो त्याला सकाळी जबडा हलवता येणार नाही. चाकरमानी, तुमचा गुलाबी ठोकळा असाच जन्माला आला असणार. आमच्याकडून नाही गेला एवढंच देवाकडे मागणं.

नीट काम करणारे डॉक्टर एक पट्टी पाठवतात. चपटी असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा, टोकाला वरच्या आणि खालच्या दातांसाठी खोबणी. माणसाला सांगतात जबडा पूर्ण मागे ने, आकडा बघतात. पूर्ण पुढे आण, आकडा बघतात. मग मधे कुठेतरी पट्टी घट्ट करतात, दातांमधे मसाला भरतात, तो कडक झाला की पट्टीसकट लॅबला. मग माझं काम सुताराचं. मॉडेलं त्या मसाल्यात बसवली की जबडा कुठे हवा ते हजार टक्के ठरलेलं असतं.

आणि जिभेची बाजू! लोक बाहेरचं पॉलिश बघतात, मी आतली बाजू बघतो. दातांच्या आतल्या बाजूने प्लास्टिक मिलिमीटरभर जाड राहिलं तर दोन्हीकडचं मिळून दोन मिलिमीटर जिभेची जागा गेली. जीभ कुठे जाणार? मागेच जाणार ना. म्हणून तिथे मी बर (घासायचं फिरतं टोक) लावून घासत बसतो, ट्रे उजेडात धरला की पलीकडचं बोट दिसायला पाहिजे इतका.

पकड कशी ओळखायची ते सांगतो. ट्रे दातांवर दाबला की टक्‌ आवाज आला पाहिजे. बोटाच्या नखाने निघाला पाहिजे, जिभेने ढकलून निघता कामा नये. दाताचं पोट फुगीर असतं, प्लास्टिक त्या पोटाच्या खाली जराशी उतरली की धरते. जास्त उतरवली तर काढताना दात हलतो. हे पाव मिलिमीटरचे खेळ आहेत.

चाकरमानी_मुलुंड
सोमवार, सकाळी ९.१५ (लोकलमधून, आज जागा मिळाली आणि जागाही आहे)

दातकोऱ्या, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून पहिल्या डॉक्टरांना पाठवावी असं वाटतंय.

दुसऱ्या वेळी माझ्या तोंडात ती पट्टी घातली होती! माझा जबडा मागून पुढे ११ मिलिमीटर सरकतो. त्यांनी निम्म्यावर, साडेपाचवर सुरुवात केली. मग दर दोन दिवसांनी घरी किल्ली घालून दोन्ही बाजूंचे स्क्रू एकेक खाच, म्हणजे ०.१ मिलिमीटर फिरवायचे. किल्लीला दोरा बांधलेला, का तर ती गिळू नये. हे रात्रीचं काम आमच्या घरात वाटून घेतलंय, उजवी बाजू मी, डावी बायको, कारण मला चष्मा काढला की डावं-उजवं सारखंच. दीड महिन्यात साडेसातपर्यंत आलो आणि तिथे थांबायला सांगितलं.

पार्ल्याचा_दंतवैद्य
सोमवार, दुपारी २.२०

साडेसात म्हणजे तुमच्या पूर्ण ताकदीच्या ६८ टक्के. योग्य ठिकाणी आहात. साधारण ५० ते ७५ टक्क्यांच्या मधे कुठेतरी बहुतेकांचं जमतं. जास्त पुढे म्हणजे जास्त गुण, असा हिशेब सगळ्यांना लागू होत नाही. ५० टक्क्यांच्या पुढे काहींना फायदा वाढत जातो, काहींना फक्त दुखणं वाढतं. कोण कुठल्या गटातला ते आधी कळत नाही, म्हणून तर दहाव्या हिश्शाने सरकणारा स्क्रू लागतो. ठोकळ्यात चूक झाली तर अख्खा ठोकळा फेकावा लागतो.

ही कल्पना तशी जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिएर रोबँ नावाचे फ्रेंच डॉक्टर होते. बारीक जबड्याच्या आणि जीभ मागे पडून गुदमरणाऱ्या मुलांसाठी ते जबडा पुढे आणणारा एकसंध ठोकळा वापरत. तुमचा गुलाबी ठोकळा त्याच कुळातला. पुढे शंभर वर्षांत जी सुधारणा झाली ती मुख्यतः एवढीच: तो दोन तुकड्यांत कापला आणि मधे सरकायची सोय केली.

बोरिवली_फास्ट
सोमवार, दुपारी ४.०८

मी ऑनलाइन मागवलेली वापरतो. गरम पाण्यात बुडवायची, मऊ झाली की चावायची, दातांचा साचा तयार. डॉक्टर नको, लॅब नको. घोरणं सत्तर टक्के कमी आहे. उगाच हजारो रुपये का घालवायचे?

अनुस्वार
सोमवार, संध्याकाळी ६.३०

@बोरिवली_फास्ट, सत्तर टक्के कोणी मोजले?

यावर तुलना झालेल्या आहेत. २००८ साली बेल्जियममध्ये ३५ जणांना दोन्ही प्रकार दिले. माप घेऊन केलेल्या प्लेटने ६० टक्के लोकांत उपचार यशस्वी ठरला, गरम पाण्यात मऊ करून चावायच्या प्लेटने ३१ टक्के लोकांत. जवळपास एक तृतीयांश लोकांची चावायची प्लेट तर रात्रभर जागेवरच राहत नव्हती. कोणी म्हणेल, आधी स्वस्तातली वापरून बघतो, गुण आला तर महागाची करतो. तेही त्या अभ्यासात खोडून निघालं. स्वस्तातली फसलेल्या बऱ्याच जणांना मापाची लागू पडली. म्हणजे ट्रायल म्हणूनही ती विश्वासाची नाही.

तुमच्या बाजूचंही सांगते. इंग्लंडमध्ये २०१४ला ९० जणांवर तीन प्रकार वापरून पाहिले: चावायची, घरी माप घेऊन पोस्टाने करून घ्यायची, आणि दवाखान्यात मापाने केलेली. तिन्हींनी एएचआय कमी केला, २६ ते ३६ टक्क्यांच्या आसपास. तिथे सौम्य आणि मध्यम आजाराचेच लोक होते. म्हणजे चावायची प्लेट अगदीच कुचकामी नाही, पण तिघींत तीच लोकांना सगळ्यात कमी आवडली.

बोरिवली_फास्ट
सोमवार, संध्याकाळी ६.४४

कोणी मोजले म्हणजे बायकोने. आणि खरं सांगू का, सकाळी कधीकधी ती पायाशी सापडते. प्लेट, बायको नव्हे.

दातकोऱ्या
सोमवार, रात्री १०.२०

ती चावायची प्लेट जाड का असते माहितीये? गरम करून मऊ होणारा माल पातळ ठेवला तर साचा धरत नाही. म्हणून तोंड उघडं राहतं, ओठ मिटत नाहीत, माणूस तोंडाने श्वास घेतो, सकाळी घसा कोरडा. आता नायलॉनच्या प्लेटा येतात, कॉम्प्युटरवर डिझाइन करून छापलेल्या. त्या अ‍ॅक्रिलिकपेक्षा बारीक आणि चिवट. मी हाताने काम करणारा माणूस, पण मान्य करतो, त्या हातात घेतल्या की जीव जळतो.

जोडणीचेही प्रकार आहेत. एकात मागे वरच्या दाढेपासून पुढे खाली दांडी असते, ती जबड्याला ढकलते. एकात वरच्या सुळ्याकडून खालच्या दाढेकडे पट्टी जाते, ती ओढते. एकात पुढे मधोमध एकच आकडा, म्हणजे हूक. आणि एकात खालच्या ट्रेला दोन्ही बाजूंना माशाच्या परासारखे उभे तुकडे असतात, ते वरच्या ट्रेच्या उतारापुढे अडतात. पर वाल्यात जबडा आडवा हलायला मोकळा, बोलता येतं, पाणी पिता येतं. पण झोपेत मोठा आ वासला तर पर सुटतो आणि जबडा मागे. म्हणून पराची उंची कमी ठेवून चालत नाही, नाहीतर दोन ट्रेंना बारीक रबर लावून तोंड मिटतं ठेवायचं. पाठीवर झोपणाऱ्यांना मी डॉक्टरांना सांगून रबराचे हूक लावूनच देतो.

सीपॅपवाली_ठाकुर्ली
सोमवार, रात्री १०.५५

सगळे प्लेटच्या प्रेमात पडलेत म्हणून मी सीपॅपची बाजू घेते. माझा एएचआय ५१ होता, झोपेत रक्तातला ऑक्सिजन ७२ टक्क्यांपर्यंत उतरायचा. मला डॉक्टरांनी प्लेटचं नावच काढू दिलं नाही. सहा वर्षं मशीन लावते, ब्लडप्रेशरची एक गोळी सुटली, स्कूटर चालवताना डोळा लागत नाही. बप्पीदा गेले तेव्हा बातम्यांत स्लीप अ‍ॅप्निया हे नाव पहिल्यांदा माझ्या सासूबाईंनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मशीनच्या आवाजाची तक्रार बंद झाली.

एएचआय ३०च्या वर असेल तर आधी मशीन, हे कुठलाही डॉक्टर सांगेल.

पार्ल्याचा_दंतवैद्य
सोमवार, रात्री ११.३०

ताई, शंभर टक्के. आकड्यात सीपॅपला तोड नाही. २०१३चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास आहे, १०८ जणांनी महिनाभर हे आणि महिनाभर ते वापरलं. सीपॅपवर एएचआय ४.५, प्लेटवर ११.१. पण रात्री वापर किती? सीपॅप सरासरी ५.२ तास, प्लेट ६.५ तास. महिन्याअखेरीस रक्तदाब आणि दिवसाची झोप दोन्हींकडे सारखीच निघाली. मशीन जास्त जोरात काम करतं, प्लेट जास्त वेळ काम करते. चाकरमान्यांसारखी माणसं, जी पहाटे तीनला मास्क पलंगाखाली टाकतात, त्यांच्यासाठी हा हिशेब महत्त्वाचा.

२०१५च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनाही हेच म्हणतात. ज्यांना सीपॅप सहन होत नाही किंवा नको आहे त्यांना प्लेट द्या, पण मापाची आणि सरकवता येणारी द्या, आणि प्लेट घातलेली असताना परत झोपेची तपासणी करा. शेवटचं वाक्य आमचेच व्यवसायबंधू विसरतात. घोरणं हा आवाज आहे. श्वास अर्धवट अडकूनही आवाज बंद होऊ शकतो.

नातू_आजोबांचा
मंगळवार, सकाळी ७.४०

आमच्या बाबांना कवळी आहे, दोन्हीकडे पूर्ण. रात्री कवळी काढून ठेवतात. त्यांना काही आहे का? वय ७१, एएचआय १८, सीपॅप नको म्हणतात. गिरगावात दोन डेंटिस्टनी हात वर केले.

पार्ल्याचा_दंतवैद्य
मंगळवार, सकाळी ८.३०

जबडा पुढे ओढायचा तर धरायला दात हवेत. वर-खाली सहाआठ तरी मजबूत दात असल्याशिवाय स्क्रूवाली प्लेट नको. दात नसलेल्यांसाठी जिभेचं साधन असतं. मऊ प्लास्टिकचा फुगा ओठांच्या बाहेर राहतो, तो दाबायचा, जिभेचं टोक आत घालायचं, फुगा सोडला की हवेच्या ओढीने जीभ पुढे धरली जाते. शिकागोत कार्टराइट आणि सॅमेलसन यांनी १९८२ साली त्यावर पहिला मोठा निबंध लिहिला. दिसायला विचित्र, जिभेच्या टोकाला सुरुवातीला चुरचुरतं, सगळ्यांना जमत नाही. पण बाबांचं नाक मोकळं असेल तर विचारायला हरकत नाही. स्लीप फिजिशियनबरोबर बसून ठरवा.

कांदेपोहे_सहावर्ष
मंगळवार, दुपारी १.१५

प्लेटची सहा वर्षं झाली. एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. माझा चावा बदललाय. आधी वरचे पुढचे दात खालच्यांवर छान यायचे, आता जवळजवळ टोकाला टोक. धाग्याची गाठ दाताने तोडायला जाते तर तुटत नाही! तेव्हा कळलं. डॉक्टरांनी सकाळी चावायला एक छोटा साचा दिलाय, दहा मिनिटं दात दाबून धरायचे, जबडा जागेवर येतो. कंटाळा केला की त्या दिवशी उपमासुद्धा नीट चावला जात नाही.

अनुस्वार
मंगळवार, दुपारी २.००

हे होतंच. कॅनडात सरासरी ११ वर्षं प्लेट वापरणाऱ्या ७७ जणांचं मोजमाप २०१४ला छापून आलं. वरच्या दातांचं खालच्यांवर येणं सरासरी २.३ मिलिमीटरने कमी झालं, आणि वरचे दात खालच्यांच्या पुढे असण्याचं अंतर १.९ मिलिमीटरने. रात्रभर जबडा मागे जायला बघतो आणि तो सगळा जोर दातांवर पडतो. पकड सगळ्या दातांवर सारखी वाटलेली असली तर बरं, चारच दातांवर असली तर ते चार आधी सरकतात.

आणि मुंबईकरांसाठी एक आकडा. २००४ साली हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास छापला. नेहमीच्या तपासणीला आलेले, वरकरणी धडधाकट. झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण १९.५ टक्के, त्यातही दिवसा झोप येणं वगैरे त्रासासकट आजार ७.५ टक्के. म्हणजे लोकलच्या सीटवर माना टाकलेल्यांत सगळेच काही पहाटेच्या गाडीमुळे दमलेले नसतात.

चाकरमानी_मुलुंड
मंगळवार, रात्री ९.४०

एक दुर्घटना सांगायची राहिली. दुसरी प्लेट आली त्या आठवड्यात आई राहायला आली होती. तिने बेसिनवर ट्रे बघितले, म्हणाली, "शी, तोंडातलं असं उघड्यावर!" आणि बाळाच्या बाटलीसारखे पातेल्यात घालून उकळले. दहा मिनिटं. बाहेर काढले तर खालचा ट्रे पापडासारखा वळलेला. आईला काही बोललो नाही. लॅबने नवीन करून दिला, पण पूर्ण पैसे. साधं थंड पाणी, मऊ ब्रश, टूथपेस्ट नाही. हे आता फ्रिजवर लिहून लावलंय.

गणपतीत गावी गेलो तेव्हा मात्र प्लेटचे पांग फिटले. चार रात्री लाइट नव्हती. डबी खिशात, झोप व्यवस्थित. सीपॅपचं काय केलं असतं देव जाणे.

आता एक शंका. गेले पंधरा दिवस सकाळी फक्त डाव्या कानापाशी दुखतंय. उजवीकडे काही नाही. सवयीचं आहे का?

सीपॅपवाली_ठाकुर्ली
मंगळवार, रात्री ९.५२

माझ्याकडे बॅटरी आहे. एक रात्र काढते. चार नाही, हे मान्य.

दातकोऱ्या
मंगळवार, रात्री ११.१०

एकाच बाजूला दुखतंय म्हणजे सवयीचं नाही. दोन स्क्रूच्या प्लेटची हीच कटकट आहे, पुढे एकच आकडा असलेल्यात हे होत नाही. दोन्ही बाजू सारख्या फिरलेल्या नसतील तर जबडा तिरका धरला जातो आणि एक सांधा ताणला जातो. प्लेट हातात घ्या, स्क्रूजवळ किती खाचा उघड्या पडल्यात त्या मोजा. डावीकडच्या किती, उजवीकडच्या किती. चष्मा लावून.

पार्ल्याचा_दंतवैद्य
मंगळवार, रात्री ११.२५

+१. आणि स्वतःच्या स्वतः मागेपुढे करू नका, मोजून डॉक्टरांना फोन करा.

नातू_आजोबांचा
बुधवार, सकाळी ८.०५

धन्यवाद सगळ्यांना. बाबांना जिभेच्या फुग्याचं चित्र दाखवलं. म्हणाले, "हे घालून मेलो तर चेहरा कसा दिसेल?" तरी शनिवारची वेळ घेतली आहे.

चाकरमानी_मुलुंड
बुधवार, सकाळी ९.२०

मोजलं. उजवीकडे वीस, डावीकडे सव्वीस. दुपारी डॉक्टरांना फोन करतो. बायको म्हणते तिने तिचे बरोबर फिरवलेत, मीच अधूनमधून झोपलो असणार.